उजवीकडून उघडणारी वही

म्हाळू धनगराचं नाव निघालं की मी आजही आधी चिडतो आणि मग सांगायला बसतो. बीडच्या अदालतीत वकिली करण्यात माझी हयात गेली. बोलायच्या ऐन वेळी मिठाची गुळणी धरून हातचा दावा घालवणारे अशील मी पुष्कळ पाहिले. त्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही. म्हाळूनं मात्र मुंबईत एकदा अशी गुळणी धरली आणि वर माझाही हात धरून मला गप्प बसवलं. तो राग मी पंधरा वर्षं पोसला.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या घाटावर. माझे वडील सुंदरराव देशमुख, गावात त्यांचा शब्द चाले. म्हाळूचा बाप आप्पाराव उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढरं बसवायचा, म्हणजे आमच्या शेताला खत आणि त्याच्या कळपाला जागा. मी बीडच्या मदरशात शिकायला निघालो तेव्हा भाकरी थापायला आणि सोबतीला वडिलांनी म्हाळूला बरोबर धाडलं. तो माझ्याहून वर्षानं मोठा. मला वर्गात सोडून दाराशी बसायचा आणि आतल्या तख्त्यावरचं उर्दू मनातल्या मनात वाचायचा. सहा महिन्यांत मौलवीसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याला आत बोलावून एक पाठ वाचायला लावला आणि त्याच दिवशी त्याचं नाव हजेरीत घातलं. वडिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, भाकरी करपली नाही म्हणजे झालं.

भाकरी करपायची, पण ते मी घरी सांगितलं नाही. गावात म्हाळू मला ‘धाकलं मालक’ म्हणायचा आणि घाट उतरला की ‘बद्री’. परत येताना घाट चढला की पुन्हा धाकलं मालक. यात त्याला काही विचित्र वाटत नसे आणि त्या वयात मलाही वाटलं नाही.

निजामाचं राज्य, त्यामुळे मदरसा उर्दूचा. पुस्तक उजवीकडून उघडायचं, वही उजवीकडे शिवलेली, लिहायचं उजवीकडून डावीकडे. घरातली पोथी डावीकडून. आम्हाला दोन्ही इतकं अंगवळणी पडलं होतं की वही उघडायला दोन बाजू असतात हा विचारही कधी मनात आला नाही. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्यावरच फिरलं.

शुक्रवारी मदरसा बंद असे. महिन्यातून एकदा गुरुवारी दुपारी आम्ही बीडहून पायी निघायचो आणि दिवस कलता कलता घाटाच्या शेवटच्या वळणाला लागायचो. तिथून डोंगराच्या वरच्या धारेवर एक ठिपका दिसायचा. म्हाळूची बहीण अंजना. आठ-नऊ वर्षांची पोर, डोक्यावर घोंगडीची खोळ, बहुतेक वेळा खांद्यावर एखादं कोकरू. लहानपणी एडक्यानं तुडवल्यामुळे तिचा डावा पाय बाहेरच्या बाजूला पडायचा. तरी ती उतारानं धावत यायची. ठिपक्याची काडी व्हायची, काडीची पोर व्हायची, आणि ती येऊन म्हाळूच्या कमरेला आदळायची. माझ्यासाठी ती कधी आली नाही, पण मीही त्या वळणावर मान वर करून बघायला लागलो होतो.

मग मानमोडीच्या साथीचं वर्ष आलं. दसऱ्याच्या सुमारास ताप बीडात शिरला आणि घरंच्या घरं आडवी झाली. आमच्या खोलीत आधी मी पडलो. मदरशाला कुलूप लागलं, पोरं आपापल्या गावी गेली. म्हाळूलाही जाता आलं असतं. तो गेला नाही. सतरा दिवस त्यानं मला पेज पाजली, माझी घाण काढली, मी बरळायला लागलो की छातीवर हात ठेवून बसून राहिला. अठराव्या दिवशी मी भिंतीला टेकून बसलो तेव्हा गावाहून माणूस आला. अंजना जाऊन बारा दिवस झाले होते. घरात आई चतुराबाईही तापात बेशुद्ध होती. भावकीतलं कुणी दार उघडायला तयार नव्हतं. आप्पारावनं एकट्यानं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि धारेपलीकडे नेऊन मूठमाती दिली. चतुराबाईला शुद्ध आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं.

म्हणजे माझ्यामुळे. हे मला कुणी कधी बोलून दाखवलं नाही, म्हाळूनं तर नाहीच, पण ज्याला हिशेब कळतो त्याला तो न सांगता कळतो.

त्यापुढच्या महाशिवरात्रीला कंकालेश्वराच्या जत्रेत हलत्या चित्रांची कनात आली. पडद्याच्या पुढची जागा मोठ्यांची, मागची आमच्यासारख्यांची. ओल्या कापडातून मागच्या बाजूलाही चित्र दिसायचं, फक्त सगळं उलटं. घोडेस्वार डाव्या हातानं तलवार उपसायचे. आम्ही हसलो. म्हाळू हसला नाही. खेळ संपल्यावर तो यंत्रवाल्याकडे गेला आणि त्यानं विचारलं, चित्रात जो म्हातारा चालत होता तो आता जिवंत आहे का. यंत्रवाला म्हणाला, कुणाला ठाऊक, चित्रात तर चालतोय. वर त्यानं तुटलेल्या फितीचा एक तुकडा म्हाळूला देऊन टाकला. त्यात तोच म्हातारा अकरा वेळा होता आणि दर वेळी त्याचा पाय केसभर पुढं होता.

तो तुकडा म्हाळूनं उन्हाकडे धरून आठवडाभर पाहिला. नंतर एके दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाला, “बद्री, म्हाताऱ्याचं कुनीतरी यंत्रानं काढलं. अंजनाचं आता काढता येनार न्हाई. पन हातानं तर काढता येतंय.”

मी हो म्हणालो. आजाऱ्याला हो म्हणतात तसं.

मौलवीसाहेबांनी त्याला रद्दीतले कोरे कागद दिले. बदामी रंगाचे, स्वस्त, शाई पिणारे. एका बाजूला बोरू टेकला की चित्र दुसऱ्या बाजूला फिकट उमटायचं आणि खालच्या पानावर ठिपके सोडायचं. मला वाटलं, या कागदावर काही व्हायचं नाही. म्हाळूला ते ठिपकेच हवे होते. आधीची अंजना कुठं होती ते ठिपके सांगायचे, आणि तिथून तो पुढची अंजना केसभर हलवायचा. कागद चांगला मिळाला असता तर त्याला ही विद्या कदाचित सुचलीच नसती.

पहिली वही महिनाभरात झाली आणि त्यानं ती चुलीत घातली. अंजना चालत नव्हती, घसरत होती. मग त्यानं चाल शिकायला घेतली, आणि ते शिक्षण पुढं तीन वर्षं चाललं. गावी आलो की तो ज्वारीच्या पिकाच्या अलीकडे उकिडवा बसायचा. पलीकडच्या वाटेनं जाणाऱ्या माणसाचं नुसतं पागोटं दिसायचं. ते पाण्यावरच्या भोपळ्यासारखं खालीवर होत पुढं जायचं. माणूस चालतो म्हणजे दर पावलाला जरा पडतो आणि सावरतो, असं त्यानं मला सांगितलं. मेंढराचा मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो आणि माणसाचा हात उलट्या पायाबरोबर निघतो, हेही सांगितलं. मी देशमुखाचा मुलगा, जन्मभर चालत आलेला, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लंगडणाऱ्या माणसाच्या मागं तर तो कोसभर जायचा. एकदा एका लंगड्या तेल्यानं त्याला दगड मारला, म्हणाला, चाळे करतोस का माझे. म्हाळूनं दगड खाल्ला आणि पुन्हा मागं गेला.

चौथी वही साधली. दोनशेहून जास्त पानं. चतुराबाईनं स्वतःच्या चातीवर कातलेल्या लोकरीच्या सुतानं ती कोरी असतानाच दाभणानं शिवली होती, तीही उजवीकडे, कारण लेकाची सगळी पुस्तकं तिनं तशीच पाहिली होती. आत काय आहे ते म्हाळूनं आईला दाखवलं नाही. मला दाखवलं. आमच्या खालच्या शेतातल्या आंब्याखाली बसून त्यानं वहीचा शिवणीकडचा भाग उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्यानं पानं सोडली.

धारेवर ठिपका होता. ठिपक्याची काडी झाली. काडीला खोळ फुटली, डावा पाय बाहेर पडायला लागला, कोकराची मान हलली, आणि अंजना उतारानं येत येत इतकी मोठी झाली की शेवटच्या पानावर नुसता चेहरा मावला. मी झाडाला पाठ लावून बसलो होतो तरी मागं सरकलो. ती आता कमरेला आदळणार असं वाटलं. मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हाळूचे डोळे कोरडे होते. त्यानं फक्त विचारलं, पाय नीट पडतोय का.

पण वहीवर त्याचं समाधान नव्हतं. अशा हातानं काढलेल्या चित्रांचे एकेक फोटो घेऊन त्यांची फीत करता येते, असं त्याला त्या यंत्रवाल्यानं सांगितलं होतं. म्हाळूला अंजना कापडावर हवी होती. तिच्या उंचीची. ती चालत येईल आणि आई समोर बसलेली असेल.

मॅट्रिकच्या वर्षी वाचनालयात एका मराठी वर्तमानपत्रात मीच ती जाहिरात वाचली. मुंबईत गिरगावच्या एका खासगी चित्रशाळेत, परदेशात शिकून आलेले एक मास्तर हलती चित्रं काढण्याचा दोन वर्षांचा वर्ग सुरू करत होते. विद्यार्थी दोनच घेणार. येताना स्वतःच्या हातचं असं काही आणायचं की जे हलतं. मी पत्राचं पान फाडून खिशात घातलं. पुढं वकील झालो तरी त्या चोरीचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

आप्पाराव नाही म्हणाला. कळपाला माणूस हवा होता आणि त्याचे गुडघे गेले होते. मग मी वडिलांना मध्ये घातलं. बरेच दिवस भवति न भवति झाल्यावर वडिलांनी निवाडा दिला. एकदा जाऊ द्या. घेतलं तर दोन वर्षं मेंढरं आमचा गडी राखील. नाही घेतलं तर परत येऊन काठी हातात घ्यायची आणि कागदाचं नाव काढायचं नाही. म्हाळूनं मान हलवली. मी त्याच्याबरोबर जायचं ठरलं, कारण बोलायचं काम माझं.

निघताना चतुराबाई आम्हाला पोचवायला गावाच्या शिवेपर्यंत आली. आमच्याकडे लांब जाणाऱ्याची बोळवण करतात. बरोबर शिवेपर्यंत चालायचं, तिथं थांबायचं, आणि तो नजरेआड होईपर्यंत मागं फिरायचं नाही. शिवेच्या दगडाशी तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “अंजनाची बोळवण र्‍हायली माज्या हातून. याची तरी करते.” बऱ्याच पुढं गेल्यावर मी वळून पाहिलं तर ती तिथंच उभी होती.

नगरच्या वाटेवर निजामाची हद्द संपते तिथं करोडगिरीचा नाका होता. जकातीच्या कारकुनानं आमचं गाठोडं सोडलं आणि वही हातात घेतली. उजवीकडून उघडली, सवयीनं. अंगठा फिरवला आणि ओरडलाच. शिपायाला बोलावलं, स्वयंपाक्याला बोलावलं, तीन वेळा फिरवली. आली, आली, असं तो स्वयंपाकी दर वेळी म्हणायचा. आमच्याकडून काही न घेता त्यांनी आम्हाला जाऊ दिलं. मला वाटलं, आता मुंबई काय, विलायतही आपलीच. सरहद्द ओलांडली की वहीची बाजूही बदलते, हे माझ्यासारख्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

चित्रशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. सहा-सात जण बाकावर बसलेले. कुणी फिरती चकती आणली होती, कुणी दोऱ्याची बाहुली. मास्तर उंच, चष्मेवाले, बोलायला सौम्य. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांना दुष्ट ठरवलं तर माझं काम सोपं होईल, पण ते तसे नव्हते. आमची पाळी आली. म्हाळूनं दोन्ही हातांनी वही पुढं केली. मास्तरांनी ती घेतली, पालथी केली, शिवण डाव्या हाताला आली तशी नीट धरली आणि मुखपृष्ठ समजून मागचा पुठ्ठा उघडला. आम्ही दोघं त्यांच्या खांद्याशी उभे होतो.

कागदानं प्यायलेली शाई मागच्या बाजूला उमटलेली होती ना, तीच आता दिसायला लागली. फिकट, धुक्यातली. आधी अंजनाचा मोठा चेहरा. मग तो लहान व्हायला लागला. ती आमच्याकडे तोंड करून मागं मागं जात होती. डावा पाय उजवा झाला होता. कोकरू गेलं, खोळ गेली.

मला कळलं. मास्तर, वही उलटी धरलीय, एवढे चार शब्द. मी तोंड उघडलं, आणि म्हाळूनं माझं मनगट धरलं. असं धरलं की दुसऱ्या दिवशीही बोटं उमटलेली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. अंजनाची काडी झाली, काडीचा ठिपका झाला, आणि शेवटी नुसती धार उरली. तेव्हा त्यानं माझा हात सोडला.

मास्तर हळहळल्यासारखे हसले. म्हणाले, कष्ट केलेत, पण मुलगी मागं का जाते? चालणारा माणूस पुढं येतो. रेषाही फिकट आहेत. चालीचा अभ्यास नाही.

चालीचा अभ्यास नाही! तेल्याचा दगड खाल्लेल्या माणसाला ते हे सांगत होते. मी पुन्हा तोंड उघडलं. म्हाळूनं वही घेतली, वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला आणि जिना उतरायला लागला. मला त्याच्या मागं पळावं लागलं.

गाडीत मी त्याला नाही नाही ते बोललो. माझ्या वडिलांचा निवाडा काढला, त्याच्या बापाचे गुडघे काढले, मौलवीसाहेबांचे कागद काढले. तुझ्या तोंडाला काय लकवा झाला होता का, असंही म्हणालो. समोरची एक बाई मध्ये पडली, म्हणाली, राहू दे हो, कुणी गेलंय का त्यांच्याकडचं. म्हाळू खिडकीतून बाहेर बघत होता. नगर येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला, आणि ते त्या बाईला. तो म्हणाला, “व्हय. भन गेली.”

मी ते उडवून लावलं. चार वर्षांपूर्वी गेलेली बहीण आज कशी जाईल?

घरी येऊन त्यानं काठी हातात घेतली. मी मात्र गुपचूप मास्तरांना सविस्तर पत्र लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. ते मला अजून तोंडपाठ आहे. त्यांनी लिहिलं होतं की वही मी उलटी धरली असेल तर चूक माझी, आपल्या मित्राची माझ्या वतीनं क्षमा मागा. एक जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवतो. जमलं तर वही डावीकडून शिवून आणा, म्हणजे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळेल.

पत्र घेऊन मी रानात पळत गेलो. कळप ओढ्याला होता. म्हाळूनं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला की मास्तर भला माणूस आहे, त्यांना माझा नमस्कार लिही, आणि येत नाही म्हणून कळव. मी कारण विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. मी त्याला कपाळकरंटा म्हणालो. तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही, आणि नंतर बोलायला लागलो तेव्हा मुंबई सोडून बाकी सगळ्यावर बोललो.

त्याचं पुढचं आयुष्य सांगायला फार नाही. आप्पाराव वारला. म्हाळूचं ताराबाईशी लग्न झालं, दोन मुलं झाली. चराईला तो माजलगावापर्यंत जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत घाटावर यायचा. कागदाला त्यानं हात लावला नाही, माझ्या वडिलांना दिलेला शब्द पाळला. पण बघणं काही सुटलं नाही. ताराबाई माझ्याकडे गाऱ्हाणं करायची की लांडगा कोकरू घेऊन जातो आणि हे लांडग्याचे पाय बघत बसतात. मेंढराच्या नुसत्या चालीवरून तो दुखणं ओळखायचा. मी सनद घेऊन बीडात वकिली मांडली होती. कधी गावी गेलो की तो भेटायचा, धाकलं मालक म्हणायचा, आणि मला दर वेळी तो दुसरा मजला आठवून अंगाचा तिळपापड व्हायचा. या माणसाच्या हातात काय होतं हे मला आणि त्या नाक्यावरच्या स्वयंपाक्यालाच ठाऊक होतं.

मुंबईला पंधरा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. पौषातली दुपार होती. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी आलो होतो आणि पाय मोकळे करायला रानाकडे निघालो. त्या साली म्हाळू चराईला गेला नव्हता, आमच्या खालच्या शेतातच त्याचा तळ पडला होता. त्या आंब्याखाली चतुराबाई उन्हाला बसलेली. पार म्हातारी झाली होती, पण डोळे शाबूत. तिच्या मांडीवर ती वही होती. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, लोकरीची शिवण काळी पडलेली. म्हाळू शेजारी उभा राहून काठी तासत होता.

म्हातारीनं शिवण डाव्या हातात धरली होती. मास्तरांनी धरली होती तशी. अंगठा फिरायला लागला आणि अंजनाचा फिकट चेहरा लहान होऊ लागला.

मी म्हणालो, “चतुराबाई, उलटी—”

म्हाळूनं माझं मनगट धरलं. तेच मनगट, तीच पकड. हातातली काठी त्यानं टाकून दिली होती. त्या दुपारी मी सुटाबुटातला वकील होतो, आणि तरी मला त्या दुसऱ्या मजल्यावर उभं असल्यासारखं झालं. मी खालच्या आवाजात त्याला विचारलं, “त्या दिशी माजा हात कावून धरलास बे?”

तो आईकडे बघत राहिला. बोलला तेही अगदी हळू.

“तू बोल्ला असतास तर ती मधीच थांबली असती, बद्री.” घाटावर असून तो मला बद्री म्हणाला. “अंजना गेली तवा मी बीडात. आई तापात. शिवंपतूर कोनी गेलं न्हाई तिच्यासंगं. मी वही काढली ती येन्याची. ती रोज यायची अन् मला रोज वाटायचं, आता काय करू हिचं. मास्तरानं उलटी धरली अन् ती चालली. आपल्याकडं बघत चालली. मला पार धारंपतूर बघायचं होतं तिला.”

तोच पुढं म्हणाला, “कापडावर आनून आईपुढं उभी करायला शिकनार होतो. मग म्हनलं, आता कावून परत बोलवायची? आईला म्याच शिकवलं तसं धराया. तिला बोळवण करू दे.”

सतरा दिवस माझ्या छातीवर हात ठेवून जो बसला होता तो हाच माणूस, आणि त्या सतरा दिवसांत त्याची जी बोळवण चुकली ती त्याला मुंबईच्या त्या खोलीत सापडली होती. मी मात्र पंधरा वर्षं त्याच्यावर दावा लावून बसलो होतो. इतकं ओशाळं मला कोणत्याच अदालतीत वाटलं नाही.

म्हातारीचा अंगठा हळूहळू चालला होता. पानं झिजल्यामुळे शाई आणखी फिकट झाली होती, पण अंजनाचा पाय अजून नीट पडत होता. तिची काडी झाली. काडीचा ठिपका झाला. ठिपका धारेवर क्षणभर राहिला आणि मग नुसती धार उरली. चतुराबाई त्या रिकाम्या पानाकडे जरा वेळ बघत बसली.

मग तिनं वही मिटली, पदरात बांधली, आणि शिवेवरून मागं फिरणारी बाई फिरते तशी उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेली. म्हाळूनं माझा हात अजून सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही.